डोळा जिथे थांबला : चित्रकला, ग्राफिक डिझाइन आणि जुन्या मोटारींचा चित्रसंग्रह कसा करावा

माझ्या संग्रहात एका मोटारीच्या मागच्या दिव्याचे छायाचित्र आहे. दिवा लहानसा, लाल काचेचा, भोवती क्रोमची बारीक कड, आणि तो मडगार्डच्या टोकाला अशा बेताने बसवलेला, की मडगार्ड त्याच्यासाठीच तिथवर आले असावे असे वाटते. हे छायाचित्र मी पंधरा वर्षांपूर्वी काढले, जपून ठेवले, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर तीनदा हलवले आणि कामात एकदाही वापरले नाही, कारण त्याच्यासोबत काहीच लिहिलेले नव्हते. गाडी कोणती, कोणत्या सालची, कुठे पाहिली, याची नोंद नव्हती. आणि मी त्या दिव्यापाशी नेमका कशासाठी थांबलो होतो, हेही कुठे लिहिलेले नव्हते.

मोबाइल हाती आल्यापासून चित्र जमवायला काही लागत नाही; बोट टेकवले की ते जमा होते. त्यामुळे चित्रकार, डिझायनर, सुलेखनकार, फर्निचर घडवणारे, अशा ज्यांना रोजच्या कामासाठी पाहण्याची शिदोरी लागते त्यांच्याकडे हजारो चित्रे साठतात, आणि गरजेच्या दिवशी त्यांतले एकही हाती लागत नाही. पुढे दिलेली पद्धत मी आधुनिक चित्रकला, ग्राफिक डिझाइन आणि जुन्या मोटारी या तीन विषयांसाठी वापरतो. हे तीन विषय एकत्र का, असे कोणी विचारले तर विसाव्या शतकात ते एकमेकांच्या शेजारी राहत होते आणि बिनदिक्कत उसनवारी करत होते, एवढे सांगता येईल. इटलीचा चित्रकार जाकोमो बाल्ला १९१३ च्या सुमारास धावत्या मोटारीचा वेग कॅनव्हासवर उतरवत होता; चित्रकार सोनिया दलोने हिने १९२५ मध्ये आपल्या कापडांवरची रंगीत भौमितिक नक्षी थेट सित्रोएन मोटारीवर चढवली; आणि मुंबईत १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्हवर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या गोलाकार सज्जांना खाली उभ्या असलेल्या मोटारींच्या मडगार्डांचेच वळण होते.

चित्रासोबत एक वाक्य

मुख्य नियम एकच आहे. चित्र संग्रहात घेताना त्यासोबत एक पूर्ण वाक्य लिहायचे आणि त्यात ‘सुंदर’, ‘मस्त’, ‘आवडले’ यांपैकी कोणताही शब्द येऊ द्यायचा नाही. आपला डोळा नेमका कुठे थांबला, एवढेच त्या वाक्यात सांगायचे. या टिपणाला मी चिठ्ठी म्हणतो. वाक्य सुचत नसेल तर चित्र घ्यायचे नाही. हे वाचताना जाचक वाटेल, पण संग्रह आटोक्यात ठेवण्याचा याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

‘जुन्या नाटकाची मस्त जाहिरात’ या नोंदीचा सहा महिन्यांनी काहीही उपयोग नसतो. ‘शिरोरेषा फक्त पहिल्या अक्षरावर ठेवली आहे, तरी बाकीची अक्षरे तिच्या आधाराशिवाय एका ओळीत वाचली जातात’ ही नोंद मात्र दहा वर्षांनीही कामाला येते, कारण तिच्यातून एक युक्ती हाती लागते. चित्राबद्दल ‘वरचा दोन तृतीयांश भाग जवळजवळ रिकामा आहे, पण नजर खाली घसरत नाही, डावीकडचा एक गडद ठिपका तिला धरून ठेवतो’ असे लिहिता येईल. मोटारीबद्दल ‘दाराची मूठ अंगावरच्या लांब रेषेतच दडवली आहे’ एवढे पुरेसे आहे. वाक्य तिथल्या तिथे लिहावे. घरी जाऊन लिहू, असे म्हटले की ते राहतेच. हात मोकळे नसतील तर मोबाइलवर मराठीत बोलून टिपण घेता येते. शुद्धलेखनाच्या चुका नंतर दुरुस्त होतील.

याला जोडून चित्राचा जन्मदाखला हवा: कर्ता कोण, साल कोणते, माध्यम कोणते, आकार किती आणि आपण ते कुठे पाहिले. यांतला आकार बहुतेक जण गाळतात आणि तीच सर्वांत मोठी चूक ठरते, कारण पडद्यावर सगळी चित्रे एकाच मापाची होतात. पिकासोचे १९३७ चे ‘गेर्निका’ सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे, तर वितळत्या घड्याळांचे दालीचे १९३१ चे चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचे, म्हणजे प्रिंटरच्या कागदाहून थोडेसेच मोठे आहे. मोबाइलवर दोन्ही तळहाताएवढी दिसतात. ज्याने माप लिहून ठेवले नाही, तो दालीची बारीक कारागिरी भिंतभर पसरवायला जाईल आणि पिकासोची भिंत पुस्तकाच्या मुखपृष्ठात कोंबायला जाईल.

कुठे शोधावे

परदेशी संग्रहालयांनी गेल्या काही वर्षांत मोठे दालन खुले केले आहे. ॲम्स्टरडॅमचे रिक्सम्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम, आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो, अमेरिकेतील स्मिथसोनियन या संस्था आपल्या संग्रहातील असंख्य कलाकृतींच्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा विनामूल्य उतरवून घेऊ देतात. मात्र यात एक मेख आहे. मोफत मिळणाऱ्या या प्रतिमा मुख्यतः ज्यांचा कॉपीराइट संपला आहे अशा कलाकृतींच्या असतात. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावरची, म्हणजे आपल्याला हवी असलेली आधुनिक चित्रकला त्यांत फारशी येत नाही. अशा चित्रांसाठी संग्रहालयाच्या पानावरून जन्मदाखला नीट उतरवून घ्यावा, लहान प्रतिमेवर समाधान मानावे आणि मूळ चित्र पाहण्याची संधी सोडू नये.

मुंबईत ही संधी एका दिवसाच्या पायपिटीत मिळते. सकाळी कावसजी जहांगीर सभागृहातील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयापासून सुरुवात करावी. हे संग्रहालय तिथे १९९६ पासून आहे. बाहेर पडताच समोर १९३३ चे रिगल सिनेमागृह दिसते. तिथून काळा घोड्याच्या दिशेने चालत गेले की १९५२ मध्ये सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी लागते, पुढे फ्लोरा फाउंटनच्या परिसरातले जुन्या पुस्तकांचे फूटपाथवरचे ढीग, मग ओव्हल मैदानाच्या कडेच्या आर्ट डेको (म्हणजे वर सांगितलेल्या गोलाकार सज्जांच्या शैलीतल्या) इमारती, १९३८ चे इरॉस सिनेमागृह आणि शेवटी मरीन ड्राइव्ह. या परिसरातील गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, तेव्हा सगळ्यांनी इमारतींचे फोटो काढले. माझे म्हणणे असे आहे, की त्या इमारतींच्या दारावरची नावे पाहावीत. सिमेंटात उठावाने कोरलेली, जिन्याच्या कठड्याशी नाते सांगणारी ती अक्षरे म्हणजे ग्राफिक डिझाइनचा उघड्यावरचा संग्रह आहे, आणि दर रंगकामाच्या वेळी त्यांतले एखादे नाव प्लास्टिकच्या पाटीखाली जाते.

छापील वस्तूंसाठी मुंबईत चोरबाजार आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार आहेच, पण घरच्या माळ्यावरचे दिवाळी अंक आधी पाहावेत. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला, आणि त्या पिढीतल्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे तर आपण पाहतोच. परंतु आतल्या आणि मागच्या पानांवरच्या जाहिराती चाळायला कोणी थांबत नाही. रेडिओ, पंखे, केशतेल, सायकली, मोटारीचे टायर, यांच्या जाहिरातींत त्या काळची अक्षररचना आणि रंगांची काटकसर जितकी दिसते, तितकी मुखपृष्ठावर दिसत नाही. जुना अंक फाडून कात्रण काढू नये. अंक अखंड ठेवावा आणि पानाची प्रतिमा घ्यावी.

चित्रासमोर उभे राहिल्यावर

संग्रहालयाचा छायाचित्रणाविषयीचा नियम प्रवेशद्वाराशीच विचारून घ्यावा. परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवावा. एका चित्राचे किमान तीन फोटो घ्यावेत: पूर्ण चित्र, डोळा थांबला ती जागा, आणि शेजारची माहितीपट्टी. चौथा फोटो लांबून, चित्रासमोर कोणी उभे असताना घेतला तर आकाराची आठवण आपोआप राहते. पूर्ण चित्र घेताना मोबाइल भिंतीला समांतर धरावा, नाहीतर चौकोनाचा समलंब होतो आणि नंतर सरळ करताना प्रमाण बिघडते.

रंगांबाबत मोबाइलवर विश्वास ठेवू नये. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रे हे याचे उत्तम उदाहरण. त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने रंगांचे थर चढवले, खरवडले, पुन्हा चढवले; त्यामुळे लांबून एकरंगी वाटणाऱ्या पृष्ठभागात जवळ गेल्यावर खालचे थर वर येताना दिसतात. कॅमेरा अशा चित्राला आपल्या समजुतीने ‘दुरुस्त’ करतो, आणि मातकट पिवळ्याचा निर्जीव करडा होऊन बसतो. उपाय असा, की चौकटीत गॅलरीच्या पांढऱ्या भिंतीचा थोडा भाग येऊ द्यावा आणि उजेडाचे माप बोट दाबून स्थिर करावे; घरी गेल्यावर त्या पांढऱ्याच्या आधाराने रंग जाग्यावर आणता येतात. तरीही थरांची खोली फोटोत येत नाही, ती शब्दांतच लिहावी लागते. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या वह्यांमध्येही रेखाटने आणि टिपणे अशीच एकमेकांना लागून येतात. गायतोंडे यांच्यासारख्या चित्रांसमोर निव्वळ फोटोवर अवलंबून राहण्यापेक्षा वहीत चार रेघा मारून बाजूला बाण काढून लिहिणे अधिक टिकते.

छापील पान

छापील चित्र स्कॅन करताना ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवावे. जुन्या छपाईत चित्र ठिपक्यांच्या जाळीने बनलेले असते, आणि कमी मापाला स्कॅन केले की त्या जाळीची आणि स्कॅनरची सांगड बिघडून पानभर लाटा उमटतात. स्कॅनरमध्ये ठिपके पुसण्याची सोय असते, पण तिचा वापर एकाच प्रतीवर करावा आणि दुसरी प्रत ठिपक्यांसह जशीच्या तशी ठेवावी; डिझायनरला पुढे अनेकदा त्या ठिपक्यांचीच गरज पडते. वर्तमानपत्राचा कागद पातळ असल्याने मागच्या पानाची छपाई पुढे दिसते. पानाच्या मागे काळा कागद ठेवला की ती बरीचशी नाहीशी होते.

मराठीत या विभागाला स्वतंत्र महत्त्व आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या वृत्तपत्री जाहिरातींसाठी जे अक्षरांकन केले, ते रोज छापून आले आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत गेले. र. कृ. जोशी यांचे नाव सुलेखनात मोठे आहेच, पण संगणकावर आपण वर्षानुवर्षे वापरलेला ‘मंगल’ हा फाँटही त्यांचाच. अशा कामाचे नमुने जमवताना पूर्ण जाहिरात ठेवावी, नुसते नाव कापून घेऊ नये. अक्षराभोवती किती जागा सोडली होती, शेजारी कोणत्या नाटकाची जाहिरात होती आणि तिच्याशी त्याला कशी झुंज द्यायची होती, हे पूर्ण स्तंभ पाहिल्याशिवाय कळत नाही.

मोटारीचा फोटो

जुन्या मोटारी पाहायला मिळण्याच्या तीन जागा आहेत: मेळावे, संग्रहालये आणि रस्ता. मुंबईत जुन्या मोटारींच्या क्लबांचे मेळावे भरतात; संग्रहालयांमध्ये अहमदाबादचे ऑटो वर्ल्ड, कोइमतूरचे जीडी कार म्युझियम आणि गुरुग्रामजवळ तावडू येथील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम पाहण्यासारखी आहेत. मेळाव्यात गर्दी व्हायच्या आत, गाड्या रांगेत लागत असतानाच पोहोचावे. गाडीला हात लावू नये, आणि मालकाला नीट विचारावे. ‘काका, बॉनेट उघडून दाखवता का?’ असे म्हटल्यावर नाही म्हणणारा मालक मला अजून भेटलेला नाही. उलट तासभर सुटका होत नाही, आणि त्या तासात मिळालेली माहिती कुठल्या पुस्तकात नसते.

मोटार हा आरसा आहे, हे लक्षात ठेवले की निम्मे काम झाले. क्रोमच्या बंपरमध्ये वर आकाश, खाली रस्ता आणि मध्ये क्षितिजाची एक काळी रेघ उमटते. वळण कुठे घट्ट होते आणि कुठे सैल होते, ते ही रेघच सांगते. भर दुपारी या रेघेचे तुकडे होतात आणि सगळीकडे नुसते चमकते ठिपके दिसतात. म्हणून सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी फोटो घ्यावेत. भिंगावर पोलरायझर ही चमक गाळणारी काच लावली की काचेवरची आणि रंगावरची चमक कमी होते, पण उघड्या धातूवरची चमक त्याने जात नाही. तिथे स्वतःच दोन पावले बाजूला सरकावे लागते. अंगात गडद, बिनरेघांचा सदरा असावा. मी एकदा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा टी-शर्ट घालून गेलो होतो, आणि त्या दिवशीच्या प्रत्येक हबकॅपमध्ये मी एखाद्या मिठाईसारखा दिसतो आहे.

उभे राहून, डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेल्या फोटोत सगळ्या मोटारी बसक्या आणि सारख्या दिसतात. गुडघ्यावर बसून हेडलाइटच्या उंचीला कॅमेरा आणला की बॉनेटची रेषा मागे कशी धावते ते दिसते. पूर्ण गाडीचा एक फोटो बाजूने, थोड्या लांबून घ्यावा, कारण अगदी जवळून मोबाइलचे रुंद भिंग गाडीचे नाक फुगवते. त्यानंतर तपशिलांकडे वळावे: पुढची जाळी, मानचिन्ह, दिव्याची कड, दाराची मूठ, खिडकीची त्रिकोणी काच, डॅशबोर्डवरचे आकडे. या आकड्यांसाठी मी मोटारींचा शौक नसलेल्या डिझायनरांनाही मेळाव्याला जायला सांगतो. वेगमापकाच्या गोल तबकडीवर आकडे कसे फिरवले, कोणते ठळक केले, काट्याला किती जागा दिली, यांत छपाईच्या अनेक प्रश्नांची उत्तरे तयार असतात.

नोंदीत ‘व्हिंटेज’ हा शब्द लिहून थांबू नये, साल लिहावे. इंग्लंडमध्ये हा शब्द काटेकोरपणे १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांसाठी वापरतात, तर आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या वाहनाला व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. बोलण्यात तर वडिलांच्या मारुतीलाही हल्ली व्हिंटेज म्हणतात.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मेळाव्यात रोल्स-रॉइसभोवती गर्दी असते, आणि जे रोज डोळ्यांसमोर होते त्याचे फोटो कोणीच काढत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून रस्त्यावर होती; तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि काळीपिवळी म्हणून मुंबईच्या अंगवळणी पडली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून तिचा शेवटचा परवाना संपला. त्या दिवसांत पूर्ण गाडीचे फोटो सगळीकडे फिरले. पण बाहेर डावीकडे बसवलेला, हाताने पाडायचा लोखंडी मीटर, त्यावरच्या आकड्यांचे वळण, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा, मागच्या मडगार्डांचे लहान पंख, दारावर पेंटरने हाताने रंगवलेली अक्षरे, यांचे जवळून आणि नीट घेतलेले फोटो शोधायला गेलो तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळाले. आज जी वस्तू सामान्य आहे, तिच्यासाठी संग्रहात एक कप्पा राखून ठेवावा.

ओळख पटवणे

कर्ता किंवा साल ठाऊक नसेल तर प्रतिमेवरून उलटा शोध घेण्याच्या सोयी आहेत, पण त्यांनी दिलेले पहिले उत्तर ग्राह्य धरू नये. चुकीचे नाव एकाने लिहिले की दहा ठिकाणी त्याचीच नक्कल होते. म्हणून संग्रहालय, कर्त्याची संस्था किंवा मूळ छापील अंक यांपैकी एका जागी तरी दुजोरा मिळवावा. अलीकडे यंत्राने बनवलेली ‘जुनी पोस्टरे’ आणि कधीच अस्तित्वात नसलेल्या ‘१९३० च्या मोटारी’ यांचा सुळसुळाट झाला आहे. चाकाच्या आऱ्या मध्येच विरघळणे, दाराला बिजागरी नसणे, अक्षरांसारखी दिसणारी पण न वाचता येणारी अक्षरे, ही त्यांची ओळख. ज्या चित्राचा जन्मदाखला मिळत नाही ते कितीही देखणे असले तरी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावे, मुख्य संग्रहात घेऊ नये.

यंत्रापेक्षा माणसे बरी, असा माझा अनुभव आहे. सुरुवातीला सांगितलेला तो मागचा दिवा मी अनेक ठिकाणी शोधून पाहिला आणि काहीच लागले नाही. शेवटी एका जुन्या गॅरेजमध्ये वयस्कर मिस्त्रींना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो मोठाही केला नाही, आणि म्हणाले, ‘‘साहेब, ही लँडमास्टर. ॲम्बॅसॅडरच्या आधीची. हा दिवा मी किती वेळा बदललाय.’’ हिंदुस्तान मोटर्सची ॲम्बॅसॅडर १९५७ ची, म्हणजे साल अंदाजे ठरले. मी त्या दिव्यापाशी का थांबलो होतो, हे मात्र मिस्त्री सांगू शकत नव्हते.

मांडणी

बहुतेक संग्रह इथे फसतात, कारण चित्रे विषयवार लावली जातात: चित्रकला एका फोल्डरमध्ये, पोस्टरे दुसऱ्यात, मोटारी तिसऱ्यात. असे केले की तिन्ही विषय एकमेकांना भेटतच नाहीत. हॅम्बुर्गच्या आबी वारबुर्ग या कला-इतिहासकाराने १९२० च्या दशकात काळे कापड लावलेल्या मोठ्या फलकांवर प्राचीन शिल्पांच्या आणि रेनेसान्सच्या चित्रांच्या छायाचित्रांशेजारी टपाल तिकिटे, जाहिराती आणि वर्तमानपत्रातले फोटो टाचले, पुन्हा पुन्हा हलवले, आणि एखादी मुद्रा किंवा हालचाल शतके ओलांडून कशी परत येते ते शोधले. १९२९ मध्ये त्याचा मृत्यू झाला तेव्हा अपुऱ्या राहिलेल्या त्या कामात ६३ फलक होते. आपल्याला एवढा व्याप करायचा नाही, पण कप्पे विषयाचे न करता दृश्य गुणाचे करायचे, ही त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट आहे. माझे कप्पे असे आहेत: वळण, कड, रिकामी जागा, पुनरावृत्ती, दोनच रंग, अक्षर आणि वस्तू. चिठ्ठीवरचे वाक्य नीट लिहिले असेल तर चित्र कोणत्या कप्प्यात जाईल हे ते वाक्यच सांगते.

‘वळण’ या माझ्या फलकावर सध्या चार चित्रे शेजारी आहेत. पहिले इटलीच्या सिसितालिया २०२ या मोटारीचे. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले होते, त्यात ही होती, आणि १९७२ मध्ये ती त्या संग्रहालयात कायमची दाखल झाली. तिच्या अंगावर मडगार्ड वेगळे जोडल्यासारखे दिसत नाही. एकच कातडी ओढून बसवल्यासारखा पत्रा वाहत जातो. दुसरे शिल्पकार ब्रांकुसीच्या झळाळत्या कांस्य पक्ष्याचे. तिसरे इरॉसच्या गोलसर दर्शनी भागाचे, आणि चौथे एका नाटकाच्या जाहिरातीतल्या ‘ळ’चे. दोन आठवडे ही चौकडी भिंतीवर पाहिल्यावर ध्यानात आले, की मोटार, पक्षी आणि ‘ळ’ यांतले वळण कंपासने काढलेले नाही. ते संथ सुरू होते, एका जागी घट्ट होते आणि लगेच सैल सुटते. इरॉसचे वळण मात्र जवळजवळ वर्तुळाचे आहे, आणि म्हणूनच ते धावत नाही, स्थिर उभे राहते. चारही चित्रे आपापल्या फोल्डरमध्ये राहिली असती तर हा फरक मला दिसला नसता.

कधीकधी एकच वस्तू तिन्ही विषयांत बसते. अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइनने १९७७ मध्ये बीएमडब्ल्यू ३२० रंगवली तेव्हा कॉमिकच्या छपाईतले ठिपके त्याने शर्यतीच्या मोटारीच्या अंगावर मोठे करून मांडले आणि गाडीच्या खिडकीतून दिसणारा रस्ता, सूर्य आणि माळरान गाडीच्या बाहेरच्या बाजूला आणले. अशा चित्राच्या दोन-तीन प्रती काढून निरनिराळ्या कप्प्यांत ठेवायला हरकत नाही.

जपणूक

फाइलच्या नावात आधी साल, मग कर्ता, मग वस्तू आणि शेवटी डोळा थांबला ती जागा, असा क्रम ठेवावा. सालाने सुरुवात केली की चित्रे आपोआप कालानुक्रमे लागतात. चिठ्ठीतले वाक्य फाइलच्या माहितीच्या रकान्यात भरावे, म्हणजे फाइल कुठेही हलवली तरी वाक्य तिच्यासोबत जाते. मात्र बऱ्याच चॅट ॲपमधून फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते, म्हणून मूळ फाइल वेगळी राखावी. तीन प्रती असाव्यात: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाबहिणीकडे.

कागदी संग्रहाचा खरा शत्रू पावसाळा. सेलोटेप कधीही वापरू नये. ती दोनतीन वर्षांत पिवळी पडते, गोंद कागदात मुरतो आणि पट्टी सुटली तरी डाग राहतो. माझी एक अख्खी कात्रणवही अशीच गेली. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ किंवा कागदी कोपरे लावून कात्रण बसवावे. लॅमिनेशन करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही. खोके बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि ऑक्टोबरमध्ये ऊन आले की खोकी उघडून, थेट उन्हात नव्हे, पण वाऱ्यावर ठेवावीत.

कायद्याबाबत थोडक्यात. भारतात चित्रावरचा कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रे मोकळी आहेत. गायतोंडे २००१ मध्ये गेले, त्यांची नाहीत. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रतिमा ठेवायला १९५७ च्या कायद्यात मुभा आहे. ती छापणे, विकणे किंवा आपल्या कामात जशीच्या तशी वापरणे याला मात्र परवानगी लागते, आणि कुठेही दाखवली तरी कर्त्याचे नाव लिहावेच.

छाटणी आणि वापर

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, संग्रहाचीही सफाई करावी. चित्र न पाहता आधी चिठ्ठी वाचावी. चिठ्ठी वाचून चित्र डोळ्यांसमोर आले आणि अजूनही काही सुचले, तर ते राहील. चिठ्ठी वाचून काहीच झाले नाही तर ते जाईल, मग ते कितीही नामवंत कलाकाराचे असो. पहिल्या वर्षी माझी निम्म्याहून अधिक चित्रे गेली, आणि त्यांतले एकही नंतर हवेसे वाटले नाही.

नवे काम हाती आले की संग्रहातून बाराच चित्रे काढावीत आणि ती छापून भिंतीवरच्या फलकावर टाचावीत. पडद्यावर एका वेळी एकच चित्र नीट दिसते, भिंतीवर बारा एकमेकांशी बोलतात. दोन दिवस नुसते पाहावे आणि मग चित्रे उलटी करून फक्त चिठ्ठ्या समोर ठेवून कच्चे आराखडे काढायला घ्यावेत. चित्र समोर असले की हात नकळत नक्कल करतो. वाक्य समोर असले की त्यातली युक्तीच काय ती कामात उतरते. काम संपले की फलकाचा सरळ समोरून एक फोटो घ्यावा, त्यावर कामाचे नाव आणि तारीख लिहावी आणि चित्रे आपापल्या कप्प्यांत परत ठेवावीत, म्हणजे पुढच्या कामाला फलक रिकामा मिळतो.